कबरीचे दूध

वैशाखात उजाडण्यापूर्वीचा काय तो थोडा वेळ गार असतो. कासाबाई तेवढ्यात बाहेरची कामे उरकून घेत असे. त्या दिवशीही तिने चुलीतली राख बोटावर घेऊन दात घासले, रांजणातल्या पाण्याने चूळ भरली आणि अंगण झाडायला घेतले. शेळीच्या लेंड्या टोपलीत भरून उकिरड्यावर टाकल्या, सडा घातला, आणि डालीखाली कोंडलेले करडू मोकळे केले. करडू धावत जाऊन कबरी शेळीच्या कासेला लागले. एक सड त्याच्यासाठी सोडून दुसऱ्या सडाखाली कासाबाईने पितळी गडवा धरला. कबरी चांगली दुभती होती. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर आणि वाळल्या पाल्यावर राहूनही गडवा गळ्यापर्यंत भरायची.

दुधावर निंबाची डहाळी झाकून कासाबाई वेशीकडे निघाली. वेशीबाहेर निंबाखाली मरीआईचे ठाणे होते. ठाणे म्हणजे शेंदूर थापलेला एक दगड. तिने गडवा दगडावर उपडा केला. दूध शेंदरावरून ओघळून खालच्या मातीत जिरले. रोजच्या दुधाने तिथली माती काळपट पडली होती आणि तिला आंबूस वास येत होता. हात जोडून कासाबाई परत आली, गडवा घासून पालथा घातला आणि चूल पेटवली.

ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून तिने पातळ कांजी शिजवली, तीत गुळाचा खडा टाकला आणि वाटी घेऊन नातवाजवळ बसली. अंगद अडीच वर्षांचा होता. भिंतीला पाठ लावून बसवले की तो तसाच बसून राही. पूर्वी तो करडाच्या मागे धावायचा. आता करडू जवळ आले तरी तोंड फिरवायचा. कासाबाईने चार घास भरवले, पाचवा त्याने गालातच धरून ठेवला.

मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. परभणीकडच्या झरीपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या या गावात हटकर धनगरांची दहा-बारा घरे होती. कासाबाईचा मुलगा ग्यानबा मेंढरे घेऊन गोदाकाठाला गेला होता. तिकडच्या शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवायचा, मेंढरांच्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि मृगाच्या तोंडावर परतायचे, हा त्यांचा दरसालचा शिरस्ता. घरी कासाबाई, सून केवळा आणि अंगद एवढीच माणसे. केवळाला आठवा महिना लागला होता. पोटुशी बाईचे दूध लेकराला बाधते म्हणून अंगदचे अंगावरचे दूध थंडीतच तोडले होते. त्याच्यासाठी ग्यानबाने कळपातली ही एक शेळी घरी ठेवली होती.

फाल्गुनात गावात गोवर आला. अंगद तापाने फणफणला, डोळे चिकटले, घसा बसला. शेजारच्या कडूबाईचा नातू त्याच्याच वयाचा. तो एका सकाळी दगावला आणि त्याच दिवशी अंगदने पाणी घेणे सोडले. तेव्हा कासाबाई मरीआईपुढे बसली आणि बोलली, की लेकरू उठले तर कबरी तुझी. आखाडात तुझी जत्रा होईपर्यंत तिच्या दुधाचा थेंब या घरात येणार नाही. दुसऱ्या दिवशी अंगदने डोळे उघडले. त्या दिवसापासून कबरीचे दूध दगडावर जात होते. गोवर उतरला तरी अंगदचे पोट बिघडलेलेच राहिले. डाळ जड पडेल, गोवराच्या रूपाने माय घरात असताना फोडणी चालत नाही, अशा एकेका कारणाने त्याच्या ताटातले एकेक पदार्थ कमी झाले आणि कांजी तेवढी राहिली.

आणि कांजीवर पोर भरत होते, असेच सगळ्यांना दिसत होते.

"कासे, नातू लय गुबगुबीत झालाय की गं," पाण्याचा हंडा घेऊन जाताना कडूबाई अंगणात थांबली. "वाळं रुतायलंय बग पायात."

"मायची किरपा," कासाबाई म्हणाली.

"तुज्या मायनं ऐकलं." कडूबाईने हंडा कमरेवर सावरला. अंगदकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. "आमचा बी असाच दिसला असता आता."

कडूबाई निघून गेली.

ऊन चढल्यावर दिनकरराव आला. तो गावातल्या किशनराव पाटलांचा मुलगा. हैद्राबादेत बी.एस्सी. होऊन तो झरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होता आणि सुटीसाठी घरी आला होता. पावसाळ्यासाठी त्याला घोंगडी हवी होती. तिच्यासाठी लोकरीचे सूत कासाबाई कातत होती.

"मावशी, सूत कुठवर आलं?"

"आलंय निम्म्यावर. तुमाला कामून येवढी घाई, मास्तर? आभाळात ढगाचं चिटपाखरू न्हाई."

"ढग आल्यावर विणायला टाकून उपयोग काय?"

"तेबी खरं. बसा. केवळे, पानी आन मास्तरला."

पाणी पिता पिता दिनकररावाची नजर अंगदकडे गेली. तो तांब्या ठेवून उठला, पोरासमोर उकिडवा बसला आणि त्याने अंगदच्या पावलावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा पडला आणि तो भरून आला नाही. पोराने रडावे तसे तोंड केले, पण आवाज काढला नाही.

"असा किती दिवस आहे हा?"

"कसा?"

"सुजलेला."

"सुजल्याला?" कासाबाईच्या हातातली सूत कातायची चाती थांबली. "बाळसं हाय ते मास्तर. दिष्ट लावू नका."

"हे बाळसं नाही, मावशी. हे मांस नाही, पाणी आहे."

"पानी कुठून यील? घोटभर पीत न्हाई त्यो."

दिनकरराव बोलायला लागला आणि अडला. त्याचे सगळे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून झाले होते. नशास्ता, रोगनियात, लहमियात हे शब्द त्याच्या जिभेवर आपोआप येत. शाळेचे माध्यम मराठी झाल्यापासून तो वर्गात पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असे फळ्यावर लिहीत असे. इथे दोन्ही भाषा कामाच्या नव्हत्या. त्याने अंगणभर नजर फिरवली.

"जवारी, तांदूळ, गूळ, हे जळण समजा. साखरेचा एक बारीक कण असतो. तसला कण कणाला जोडून लांबच लांब साखळी झाली की तेच जवारीचं पीठ. पोटात साखळी तुटते, कण सुटे होतात आणि अंगात जळतात. त्यानं ऊब राहते, हातपाय हलतात. तूप-तेल हेही जळणच, पण मोळी बांधून माळ्यावर टाकलेलं. नड पडली की काढायचं."

"मंग जळण घालायलेच की मी. गुळाचा खडा सुदिक घालते."

"पण जळणाची भिंत होते का?"

"भित न्हाई होत. गवऱ्या रचून आडोसा मातर होतो."

दाराआड केवळा हसली. दिनकररावालाही हसू आले.

"बरं, आडोसा होतो. पण घराला माती लागते ना? दूध, डाळ, अंडं, मटण, यांत ती माती असते. तीही साखळीच, मात्र एकसारख्या कणांची नाही. वीसेक जातींचे मणी असतात. तुमच्या पोतीत कसं, काळे मणी किती आणि सोन्याचा कुठं हे ठरलेलं असतं, तसं यांचंही कुठल्या मण्यामागं कुठला यायचा हे ठरलेलं. क्रम बदलला की माळ निराळी, आणि तिचं कामही निराळं. आपण दूध प्यालो की पोट त्यातल्या माळा तोडतं, मणी सुटे करतं, आणि अंग त्याच मण्यांच्या आपल्याला हव्या तशा माळा पुन्हा ओवतं. मांस त्याचंच. कातडं, नखं, केस त्याचेच. तुमची लोकर सुद्धा त्याचीच."

"अन् कुटला मनी कुठं, ते कोन ठरिवतं?"

"ते मलाही नीट माहीत नाही. विलायतेत शोध चाललाय."

"सटवाई ठरवीत असंल," कासाबाई म्हणाली. "पाचवीच्या रातीला. पुढं बोला."

"त्यातले काही मणी अंगाला घरच्या घरी करता येतात. काही येत नाहीत. ते खाण्यातूनच यावे लागतात. ते आले नाहीत तर माळ पुरी होत नाही, मग बाकीचे मणी असून काय करायचे? आता, रक्तातही अशा माळा असतात. त्या रक्तातलं पाणी धरून ठेवतात. त्या कमी पडल्या की पाणी शिरांत थांबत नाही. झिरपतं, आणि पायावर, तोंडावर उतरतं."

पाणी उतरणे हे कासाबाईला ठाऊक होते. कळपात एखाद्या मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. अशी मेंढी चरताना मागे पडते. तिला कोणी लठ्ठ म्हणत नाही. पण ती बोलली ते वेगळेच.

"मेंढराचं येगळं आन् मानसाचं येगळं."

"मेंढराचं मला माहीत नाही. मी डॉक्टरही नाही. याला परभणीच्या दवाखान्यात दाखवायला हवं. आणि तोवर दूध. घरात दुभती शेळी आहे ना?"

केवळा दारातून आत सरकली.

"कबरी मायची हाय," कासाबाई म्हणाली, आणि तिने फाल्गुनातली हकीकत सांगितली.

दिनकरराव म्हणाला, "मावशी, देवीला दुधाची काय कमी?"

"तुमच्या घरचं लेकरू गेलं न्हाई, मास्तर. कडूबाईच्या घरचं गेलं. ती नवस बोलली न्हवती, मी बोलले. आता म्या शबुद फिरवायचा आन् माय फिरली तर? तवा तुमची माळ यील का आडवी?"

दिनकररावाने चपला पायात सारल्या. "देणार असाल तर एकदम देऊ नका. निम्मं पाणी घालून उकळा, आणि थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. पोट बिघडलेलं आहे." वाटेला लागण्यापूर्वी तो वळला. "घोंगडीची घाई नाही."

तो गेल्यावर कासाबाई पुन्हा कातू लागली. मग केवळा तेलाची वाटी घेऊन बाहेर आली.

"आत्या, वाळं काढू का?"

"काढ."

केवळाने अंगदच्या घोट्याला तेल चोळले. वाळे सहज निघेना. ते निघाले तेव्हा पायावर खोल वळ उमटलेला होता आणि त्याच्या कडेची कातडी कागदासारखी सुटून आली. केवळाने ती बोटावर घेतली, सासूला दाखवली आणि पदराला पुसली.

"मास्तर म्हनले ते..."

"मास्तर म्हनले ते म्या बी ऐकलं."

"मी तर कायच म्हनले न्हाई, आत्या."

"मंग नको म्हनू. आन त्याला हिकडं."

केवळाने अंगदला तिच्या मांडीवर ठेवले. कासाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हात उचलला तेव्हा तळव्याला केस चिकटून आले होते. ओढले नव्हते, नुसता हात फिरवला होता.

ते केस झटकायच्या ऐवजी तिने एकत्र करून त्यांची बट केली. पुढचे तिच्या बोटांनी सवयीने केले. कातायला घेण्यापूर्वी लोकर पारखायची रीत अशी, की बटेची दोन्ही टोके चिमटीत धरायची, बट कानाशी न्यायची आणि झटका द्यायचा. चांगली लोकर ताणून तारेसारखी वाजते. ज्या साली चारा नसतो त्या सालची लोकर मध्येच तुटते, आणि जिथे तुटते तेवढीच जागा बारीक आणि मळकट असते. त्याच्या अलीकडची-पलीकडची धड असते. मेंढीच्या अंगावर लोकर मुळातून वाढत जाते. त्यामुळे तिचे पोट कधी रिकामे होते हे लोकर बघून सांगता येते. कातणाऱ्या बाईला यात नवल वाटत नाही. असली लोकर ती बाजूला टाकते, एवढेच.

अंगदच्या केसांनी आवाज केला नाही. बट तुटली.

कासाबाईने तुटलेले केस उन्हात धरले. शेंड्याकडे ते काळेभोर होते, त्याच्या बापाचे होते तसे. मुळाकडे मात्र गंजलेल्या तारेसारखे तांबूस आणि इतके बारीक, की बोटांना लागत नव्हते. काळा रंग संपून तांबूस सुरू होतो ती जागा स्पष्ट होती. गोवरात आणि नंतरही पोराच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. तिने कानामागची दुसरी बट काढून पाहिली. तीही तशीच. मुळापासून त्या जागेपर्यंतचे अंतर तिने बोटावर मोजले. ते बोटाच्या एका पेराएवढे होते.

पेरभर केस वाढायला दोन-अडीच महिने लागतात, हे तिला कोणाला विचारावे लागणार नव्हते. कबरीचे दूध दगडावर जायला लागूनही तेवढेच दिवस झाले होते.

तिने अंगदचे झबले वर सारले आणि कोकराच्या अंगावर मांस किती भरले ते बघतात तसा पाठीवरून अंगठा ओढला. तोंड आणि पाय फुगलेले होते, पण पाठीचा मणका न् मणका अंगठ्याला टोचत गेला. पोरगे रोज तिच्या मांडीवर होते. मेंढराच्या पाठीला हात लावल्याशिवाय तिने कधी त्याची किंमत सांगितली नव्हती, आणि नातवाचे बाळसे मात्र तिने तोंड बघून ठरवले होते.

फाल्गुनातला तो दिवस तिने पुन्हा आठवून पाहिला. मरीआई कोणाच्या अंगात येऊन काही बोलली नव्हती, शेळी मागितली नव्हती. लेकरू राहावे म्हणून घरातली मोलाची वस्तू द्यावी, एवढेच तिच्या मनात होते. आणि मोलाची वस्तू कुठली, हे तिचे तिने ठरवले होते. लेकराच्याच तोंडचे आपण देऊन आलो, हे तेव्हा सुचले नाही. घरात दुसरे काय होते? देता आले असते असे पुष्कळ होते. तिच्या स्वतःच्या वाट्याचे होते.

पण भीती गेली नव्हती. दूध दिले आणि पोर गेले, तर मरीआईने नेले असे गाव म्हणेल, आणि कदाचित तिलाही तसेच वाटेल. दूध नाही दिले तरी पोर जाईल, तेव्हा मात्र कोणी काही म्हणणार नाही. तिने दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

मग तिने अंगदला केवळाच्या हवाली केले आणि ती उठली. पालथा घातलेला गडवा उचलू लागली तेव्हा केवळा पुढे झाली.

"मी पिळते, आत्या. तुमचं गुडगं..."

"तू हात लावू नको."

"कामून?"

"तू पोटुशी हायस. शबुद माजा व्हता, मोडायलेय बी मीच. काय व्हायचं ते माज्या माथ्यावर होऊ दे. तू चूल पेटव."

दुपारची वेळ शेळी पिळायची नव्हे. सकाळपासून करडू पीत होते आणि कबरीने पायही उचलला. तरी कासाबाईने तिची मांडी दाबून धरली आणि गडव्याचा तळ झाकेल एवढे दूध काढले. निंबाची डहाळी तिने घेतली नाही. वेशीच्या दिशेला तोंड करून ती अंगणात क्षणभर उभी राहिली. "माय, शेळी माजी मला दे," ती हळू आवाजात म्हणाली. "माज्या ताटातलं कालवण आजपून आखाडापतूर तुजं. मी कोरडी भाकर खाईन. लेकराचं त्याला खाऊ दे." कुठून काही उत्तर येण्याची वाट न पाहता ती घरात गेली.

दुधात तितकेच पाणी घालून तिने ते उकळले. वाटीत ओतून फुंकर घातली, करंगळी बुडवून पाहिली. अंगदने पहिल्यांदा तोंड मिटून घेतले. तिने बोट दुधात बुडवून त्याच्या ओठांवर फिरवले. त्याने जीभ बाहेर काढली. दुसऱ्या वेळी त्याने बोट चोखले. मग शिंपल्याने तिने थोडे तोंडात सोडले आणि तो गिळेपर्यंत थांबली. पुन्हा थोडे सोडले, पुन्हा थांबली. वाटी निम्मी झाल्यावर त्याने मान फिरवली. तिने आग्रह केला नाही.

"ग्यानबाला सांगावा धाडायचा," ती केवळाला म्हणाली. "बाजारला गोदाकाठचे लोक येतेत, त्यांच्याजवळ. त्यो आला की परभनीला न्यायचं लेकराला. तवर थोडी थोडी मुगाची डाळ बी शिजव. फोडनी नको देऊ, नुसती घोटून."

"कोनी इचारलं तर?"

"मला इचारतील."

केवळाने उरलेले दूध झाकून ठेवले. बाहेर करडू पुन्हा कबरीच्या कासेला लागले होते. कासाबाईने त्याला मानेला धरून ओढून काढले, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुंटा ठोकला आणि दोरी आखूड करून त्याला तिथे बांधले. करडू ओरडू लागले. तिने बाभळीच्या मूठभर शेंगा त्याच्यापुढे टाकल्या आणि संध्याकाळच्या धारेसाठी गडवा धुवायला घेतला.